नग्नाकृतिचित्रण

नग्नाकृतिचित्रण : विवस्त्र मानवी देह हाच प्रमुख विषय मानून केलेले रेखन वा रंगचित्रण. यूरोपीय कलाशिक्षणात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या अभ्यासाला पायाभूत स्थान होते व तेथील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत या प्रकारची चित्रे दर्शनी दालनांत लावलेली आढळतात. महाराष्ट्रात हा चित्रप्रकार मुंबईच्या कलाशाळेमार्फत आला. येथे तो रुजला, वाढला, न्यायालयातही गेला. तरीही तो पुरता घरचा झाला, असे म्हणता येत नाही. त्याची कारणे शोधताना ‘नग्न’ या एका शब्दाखाली आपल्याकडे किती वेगवेगळ्या गोष्टी सामावल्या आहेत, हे प्रथम पाहावे लागते.

इंग्लिश कलासमीक्षक केनेथ क्लार्क यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कपडे उतरवलेला, म्हणून ओशाळलेला देह आणि कलेने घडवलेला, स्वतःत पूर्ण असलेला देह असा भेद केला. पहिला व्यवहारातील, दुसरा कलेतील. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये हा भेद उलटा करून दाखविला : कलेतील नग्नाकृती ही बहुधा दुसऱ्याने, त्यातही पुरुषाने, पाहावी म्हणून मांडलेली स्त्री असते, तिचे स्वतःचे असे नग्न असणे त्यात उरत नाही. मराठीत ‘विवस्त्र’ व ‘नग्न’ या दोन शब्दांत काहीशी अशी छटा आढळते. ‘विवस्त्र’ म्हणताच वस्त्र होते व ते गेले, असे सूचित होते. ‘नग्न’ म्हणजे मुळातच तसे. पण मराठी समाजात खरी गुंतागुंत होते ती ‘अश्लील’ या तिसऱ्या शब्दामुळे. तो कलेतून आलेला नाही, कायद्यातून व घरातील बोलण्यातून आला आहे आणि पहिल्या दोहोंवर त्याची सावली सतत पडत असते.

भारतीय परंपरेत नग्न देहाला दोन अर्थ फार पूर्वीपासून आहेत. एक वैराग्याचा. दिशा हेच ज्याचे वस्त्र तो दिगंबर, ही कल्पना जैन मूर्तिकलेत तीर्थंकरांच्या व बाहुबलीच्या प्रतिमांतून साकार झाली. वेरूळच्या जैन लेण्यांत त्यांची उत्तम उदाहरणे आहेत. दुसरा अर्थ सुफलतेचा. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मातीची शिरोहीन नग्न स्त्रीप्रतिमा मिळाली. पुढील काळातील लज्जागौरीच्या प्रतिमा तेर व इतर ठिकाणी सापडल्या असून रा. चिं. ढेरे यांनी या देवतेवर १९७८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या दोन्ही परंपरांत नग्नता ही देवत्वाची वा सिद्धीची खूण आहे. तेथे देह पाहण्यासाठी नाही, पूजेसाठी आहे. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावाहून नागपूरला आलेला शेतकरी तेथील मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘अजब बंगल्या’त, नग्न तीर्थंकरमूर्तीपुढे सहज हात जोडतो आणि तोच माणूस एखाद्या विवस्त्र स्त्रीच्या तैलचित्रासमोर मान वळवतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणणे ही शहरी समीक्षेची घाई होय. त्याने केलेला भेद बरोबर आहे : समोरची दोन नग्न रूपे खरोखरच दोन वेगळ्या जातींची आहेत.

चित्रकलेत मात्र प्राचीन महाराष्ट्राने वेगळाच मार्ग काढला. अजिंठ्याच्या लेणी क्र. १, २ व १७ मधील राण्या, दासी, अप्सरा व नागकन्या कमरेच्या वर बहुधा अनावृत आहेत. पण पूर्ण नग्नता तेथे विरळाच. हार, केयूर, मेखला आणि अत्यंत तलम वस्त्राच्या दोन-चार रेषा यांनी देह झाकलाही जातो आणि उघडही होतो. लेणी क्र. १७ मधील प्रसाधनाच्या प्रसिद्ध दृश्यात आरशात पाहणारी राजस्त्री जवळजवळ विवस्त्र असूनही चित्राचा भर तिच्या देहाच्या डौलावर, दासींच्या लगबगीवर व दागिन्यांच्या लयीवर राहतो. चित्रकाराने अस्थी व स्नायू यांचा हिशेब मांडलेला नाही. बाह्यरेषा एका दमात ओढलेली असून देहाचे वजन तीच सांगते. ही माणसे कपड्यांविना आहेत, असे पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही.

यूरोपमध्ये ग्रीकांनी नग्न देहाला आदर्शाचे रूप दिले. चर्चच्या प्रभावकाळात तो आदम व ईव्ह यांच्या लज्जेपुरता उरला व प्रबोधनकाळात परत आला. पण परत येताना त्याने बहुधा पुराणकथेचा परवाना घेतला : व्हेनिसच्या टिशनने (तित्सिआनो) १५३८ मध्ये रंगविलेली शय्येवरील स्त्री ‘व्हीनस’ म्हणूनच ओळखली जाते. हा परवानाही नेहमी चालला नाही. मायकेलअँजेलोच्या ‘द लास्ट जज्मेंट’ या १५४१ मध्ये पूर्ण झालेल्या भित्तिचित्रातील देहांवर त्याच्या मृत्यूनंतर दानिएले दा व्होल्तेर्रा याच्याकडून वस्त्रे रंगवून घेण्यात आली. १९९४ मध्ये संपलेल्या सफाईत त्यांपैकी काही काढली, तर काही इतिहासाचा भाग म्हणून तशीच ठेवली. एद्वार माने याने ‘ऑलिंपिआ’ हे चित्र १८६५ च्या पॅरिस प्रदर्शनात लावले, तेव्हा लोक चिडले ते नग्नतेमुळे नव्हे. भोवतीच्या भिंतींवर नग्न व्हीनस कितीतरी होत्या. चीड आली ती ही स्त्री देवी नाही, आजच्या पॅरिसमधली आहे आणि ती पाहणाऱ्याकडे रोखून पाहते आहे, याची.

मुंबईची कलाशाळा : सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ची भव्य प्लास्टर-प्रतिकृती येऊन पोहोचली आणि राणीची नजर अवघडू नये म्हणून तिच्यासाठी प्लास्टरचे एक पान तयार करण्यात आले, ते आजही तेथील व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयात स्वतंत्रपणे ठेवलेले आहे. मुंबईच्या शाळेचा अभ्यासक्रम याच लंडनी वळणाचा होता. विद्यार्थ्याने आधी भूमितीय आकार, मग अलंकरणे, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर-प्रतिकृती काढावयाच्या. त्यामुळे गिरगाव, ठाणे, कोल्हापूर येथून आलेली मराठी, पारशी व गोमंतकीय मुले नग्न देह प्रथम शिकली ती पांढऱ्या, थंड, निश्चल प्लास्टरवरून. त्या देहाला रंग नव्हता, श्वास नव्हता आणि तो या देशातला नव्हता.

याच काळातील एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यानंतर कलाशाळेतील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या लेण्यांत नेऊन नव्याने प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे त्या कामातील एक प्रमुख चित्रकार. म्हणजे ज्यांना शाळेत जिवंत देह विवस्त्र पाहावयास मिळत नव्हता, ते तरुण लेण्यांच्या अंधारात मशाली व आरशांच्या उजेडात राजकन्यांचे अनावृत देह इंच-इंच उतरवीत होते. त्यांच्यापुढे एकाच वेळी दोन धडे होते : प्लास्टरचा धडा मोजमापाचा, अजिंठ्याचा रेषेचा. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे त्यांना कोणी सांगितले नाही. पुढच्या पन्नास वर्षांतील मुंबईच्या चित्रकलेचा पुष्कळसा गोंधळ आणि पुष्कळसे यशही यातून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

कलाशाळेबाहेर राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी दुसरी वाट पाडली. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेल्या त्यांच्या छापखान्यातून रंभा, मेनका, तिलोत्तमा अशा अप्सरांची शिलामुद्रित चित्रे घरोघर गेली. व्हेनिसच्या चित्रकारांना व्हीनसने जे दिले, तेच येथे अप्सरेने दिले : अर्धवट ढळलेल्या पदराला पुराणाचा आधार. सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात सत्यनारायणाच्या पूजेसमोर मेनकेचे चित्र टांगलेले असे, कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. मराठी शिल्पकलेत याहून संयत तोडगा निघाला. गणपतराव म्हात्रे (१८७६–१९४७) यांनी विद्यार्थिदशेत १८९६ मध्ये घडविलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पात नऊवारी लुगड्याच्या चुण्यांखालून तरुण देहाची सारी ठेवण जाणवते. पण ती स्त्री पूजेला निघाली आहे व नखशिखान्त नेसलेली आहे. नग्नाकृतीचा इतका पूर्ण अभ्यास आणि तिचा इतका पूर्ण नकार एकाच कृतीत क्वचितच आढळतो. ओलेत्या नायिकेची जी चित्रे पुढे मासिकांच्या मुखपृष्ठांवर व दिनदर्शिकांवर सुळसुळाट होण्याइतकी वाढली, ती या तोडग्याची उतरती कळा होय. तेथे वस्त्र देहाला अर्थ देत नाही, केवळ सबब पुरविते.

जिवंत मॉडेलचा वर्ग : दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला व लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये कलाशाळेचा प्रमुख झाला आणि त्याने लागलीच विवस्त्र मॉडेलवरून रेखन करण्याचा वर्ग सुरू केला. या वर्गाला कलाशाळेत ‘लाइफ क्लास’ म्हणत व आजही तेच नाव रूढ आहे. महाराष्ट्रातील नग्नाकृतिचित्रणाचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

सॉलोमनने पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्गही काढला, याला महत्त्व आहे. त्या वेळी बंगालमध्ये ई. बी. हॅवेल व अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रेरणेने असे मत प्रबळ झाले होते की, शरीररचनेचा पाश्चात्त्य पद्धतीने अभ्यास केल्यास भारतीय कलेचा आत्मा हरवतो. अवनींद्रनाथांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात भारतीय देहाचे अवयव हत्तीचे मस्तक, केळीचा खांब, मासोळी अशा उपमानांवरून समजावून दिले आहेत. या मताप्रमाणे कलावंताने देह पाहावयाचा नसून आठवावयाचा असतो. सॉलोमनचे उत्तर कृतीत होते : सकाळी जिवंत देहावरून रेखन आणि त्याच विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या वळणाची अलंकारप्रधान भित्तिचित्रे. १९२४ च्या लंडनजवळील वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सजविलेले भारतीय दालन आणि त्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या सचिवालयात त्यांनी रंगविलेली भित्तिचित्रे ही या शिक्षणाची फळे. त्यांतील कलादेवता व ऋतुकन्या यांच्या खांद्यांची व कटीची वळणे अजिंठ्याची असली, तरी पायांवर पडणारा भार मॉडेलच्या वर्गातला आहे. हा मेळ नेहमी जमलेला नाही. पुष्कळ ठिकाणी एक देह दोन शाळांत शिकून आल्यासारखा वाटतो.

वर्गाची रीत आजवर फारशी पालटलेली नाही. मध्यभागी बैठक, तिच्यावर मॉडेल, भोवती अर्धवर्तुळात विद्यार्थ्यांचे ईझल. एक बैठक ठरावीक वेळ चालते, मध्ये विश्रांती मिळते व पुन्हा तीच स्थिती घ्यावी लागते. हात कोठे होता, टाच कोठे टेकली होती, याच्या खुणा खडूने करून ठेवतात. प्रथम कोळशाने किंवा पेन्सिलीने देहाचा तोल व प्रमाण, मग छायाप्रकाश, शेवटी तैलरंगात त्वचा. त्वचेपाशी मुंबईच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा होती. इंग्लिश पाठ्यपुस्तकांतील गुलाबी-पांढऱ्या मांसवर्णाच्या कृती येथे निरुपयोगी ठरत. गव्हाळ, सावळ्या व काळ्याभोर त्वचेवर उजेड वेगळा पडतो, सावलीत निळा-हिरवा रंग उमटतो व उजळ भागावर ताम्रछटा येते. हे शिक्षण पुस्तकात नव्हते. या वर्गात तयार झालेल्या चित्रकारांच्या हाताला कातडीचा जो भारतीय रंग सापडला, ती या वर्गाची सर्वांत टिकाऊ कमाई होय. ज्यांनी पुढे एकही नग्नचित्र काढले नाही, त्यांच्या व्यक्तिचित्रांतही ती दिसते.

मॉडेल म्हणून बसणारे कोण होते, याविषयी इतिहास जवळजवळ मुका आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी कलाशाळेतील आपल्या दीर्घ सेवेच्या आठवणी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. विद्यार्थी, अध्यापक व पारितोषिके यांची माहिती विविध साधनांतून मिळते. पण चौथऱ्यावर बसलेल्या स्त्रीपुरुषांची ओळख मजुरीच्या नोंदीपलीकडे क्वचितच जाते. बहुतेक जण अत्यंत गरीब व कष्टकरी; रोजंदारी हेच कारण. अनेक स्त्रियांनी हे काम घरच्यांपासून लपवून केले आहे. शाळेत त्यांना मान असे. पण तो मान फाटकाबाहेर चालत नसे. मानेच्या ‘ऑलिंपिआ’साठी बसलेली व्हिक्तोरीन मरां हिचे नाव जगाला ठाऊक आहे, ती स्वतः चित्रकार होती व १८७६ च्या पॅरिस प्रदर्शनात तिचे चित्र लागले होते. आपल्या संग्रहालयांतील नग्नाभ्यासाच्या चित्राखाली चित्रकार, माध्यम, लांबीरुंदी, देणगीदार आणि नोंदक्रमांक एवढे दिलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात मॉडेलचे नाव दिलेली एकही पाटी आलेली नाही. ही त्रुटी संकोचामुळे राहिली असेल, पण तिचा परिणाम असा की, ज्या देहावर पिढ्या शिकल्या तो निनावी राहिला. या मॉडेल स्त्रियांच्या जीवनावरील रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने २०१८ मध्ये हा विषय लोकांपुढे आणला. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या यादीतून तो ऐनवेळी वगळण्यात आल्याने त्याची चर्चा अधिक झाली.

अभ्यासाकडून चित्राकडे : कलाशाळेने नग्नाकृती शिकविली, पण प्रदर्शनात ती मांडण्याचे धैर्य बराच काळ दिले नाही. बाँबे आर्ट सोसायटीच्या (स्थापना १८८८) वार्षिक प्रदर्शनांत पदके मिळवणारी चित्रे बहुधा व्यक्तिचित्रे, बाजार, देवळे व घाट यांची असत. नग्नाभ्यास पोर्टफोलिओत राहत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालयाने ही कोंडी थोडी फोडली. रविवर्म्यांची मूळ चित्रे व यूरोपीय अभिजात चित्रांच्या प्रतिकृती एका डोंगरी संस्थानात सामान्य प्रजेला पाहता आल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिल (१९१३–४१) यांनी १९३३ मध्ये रंगविलेले व्यावसायिक मॉडेलचे चित्रही येथे आठवते. त्यातील स्त्री थकलेली व कृश आहे. ती व्हीनस नाही, अप्सराही नाही. कामावर आलेली बाई आहे. भारतीय चित्रकाराने मॉडेलला मॉडेल म्हणून पाहिल्याचे ते पहिले ठळक उदाहरण असावे.

मुंबईत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपने हा संकोच मोडला. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) हा मूळचा गोव्यातील साळगावचा. कॅथलिक संस्कारांत वाढलेला व सर ज. जी. कलाशाळेतून काढून टाकलेला. त्याच्या नग्नाकृती जाड काळ्या रेषांनी बांधलेल्या, कोरड्या व जाणूनबुजून कुरूप असतात. क्लार्कच्या अर्थाने त्या ‘घडविलेल्या’ नाहीत. त्यांत पाप, भूक व चेष्टा एकत्र येतात. १९४९ मध्ये मुंबईतील एका प्रदर्शनात लावलेले त्याचे स्वतःचे नग्न आत्मचित्र तक्रारीवरून हटविण्यात आले, पोलिसांनी त्याच्या घराची झडतीही घेतली आणि त्याच वर्षी तो लंडनला गेला.

त्याचा सहकारी कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–८५) याची कथा निराळी. हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणीच मुंबईस आलेला हा मुलगा घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. त्याने कोणत्याही कलाशाळेतील मॉडेलच्या वर्गात रीतसर शिक्षण घेतले नव्हते. तरीही नग्नाकृती हा विषय सातत्याने व मनापासून हाताळणारा मुंबईतील पहिला मोठा चित्रकार तोच. १९६३ च्या सुमारास प्रदर्शित झालेल्या त्याच्या कृष्णवर्णी नग्नाकृतींत भरदार, बसकी, बहुधा पाठमोरी किंवा स्वतःतच गढलेली स्त्री असते. तिला पुराणातले नाव नाही. तिच्याजवळ दागिना नाही, ओलेते वस्त्र नाही, पाहणाऱ्याला रिझविण्याचा आविर्भाव नाही. काही चित्रांत रेखन कच्चे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्या वजनावर विश्वास बसतो. प्लास्टर, अप्सरा आणि मॉडेलचा वर्ग यांपैकी कशाचेही ऋण नसलेली ही नग्नाकृती महाराष्ट्राच्या चित्रकलेतील तिसऱ्या अर्थाची खूण आहे : वैराग्य नाही, सुफलता नाही, केवळ माणसाचे शरीर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून असलेल्या जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात व राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात या पिढीचे काम पाहावयास मिळते.

न्यायालयापुढे : जहांगीर कलादालनात (स्थापना १९५२) अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांचे भारतातील पहिले एकल प्रदर्शन १९५४ मध्ये भरले. ‘लव्हर्स’ या शीर्षकाच्या दोन चित्रांत नग्न स्त्रीपुरुष असून पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्रे उतरविण्यास सांगितले. पदमसी यांनी नकार दिला व त्यांना भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली अटक झाली. खटल्यात कलासमीक्षकांच्या साक्षी झाल्या. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरविले, सरकारने अपील केले आणि उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, आक्षेप नग्नतेवर नव्हता इतका स्पर्शावर होता. एकटी नग्न स्त्री चित्रात खपली असती. एकमेकांना जवळ करणारी दोन माणसे खपली नाहीत. त्या चित्रांतील आकृती ताठ, गंभीर व जवळपास मूर्तिवत आहेत; त्यांत चाळवणारे काही शोधणे कठीण आहे.

त्या वेळी अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या हिक्लिन या इंग्लिश खटल्यातली होती : ज्यांचे मन बिघडण्यासारखे आहे, त्यांना ती कृती बिघडवील काय? या कसोटीत चित्राचा विचार सर्वांत दुबळ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी होतो. सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) या प्रकरणात ती कसोटी बहुतांशी स्वीकारली. तथापि कलेतील नग्नता एवढ्यावरून अश्लीलता सिद्ध होत नाही, हेही त्याच निकालात मायकेलअँजेलोचा दाखला देऊन स्पष्ट केले. १९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, साहित्य, कला व विद्याविषयक हिताच्या कृतींना कायद्यात अपवाद मिळाला. मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांच्या चित्रावरून झालेल्या फिर्यादी दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केल्या, पण तोवर ते देश सोडून गेले होते व परतले नाहीत. हिक्लिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात बाजूस सारून समकालीन समाजमानाची कसोटी पुढे आणली. १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये जुन्या कलमाचा आशय व अपवाद पुष्कळसा तसाच आहे.

योगायोगाने त्याच दिवशी मुंबईच्या सीमाशुल्क खात्याच्या एका सहायक आयुक्ताने सात कलाकृती अश्लील ठरवून जप्तीचा आदेश काढला. सूझा यांची चार रेखने आणि पदमसी यांचे एक रेखन व दोन छायाचित्रे ब्रिटनमधील लिलावांत विकत घेऊन एका मुंबईकर कंपनीने मागविली होती. ती एप्रिल २०२३ पासून खात्याने अडवून ठेवली होती. आधार होता १९६४ ची अश्लील वस्तूंच्या आयातीस मनाई करणारी अधिसूचना. पन्नास हजार रुपयांचा दंडही ठोठावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. सोनक व न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील असते, अशी समजूत करून घेऊन अधिकाऱ्याने तज्ज्ञांची मते बाजूला ठेवली व आपली व्यक्तिगत आवड कायद्याच्या जागी बसविली, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. अशी कला सर्वांना आवडावी, असे कोणतेही बंधन नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. कलाकृती दोन आठवड्यांत परत कराव्यात, असा आदेश झाला. सूझा यांच्या त्या चार रेखनांपैकी एकाचे शीर्षक ‘लव्हर्स’ असे होते. याच शीर्षकाच्या चित्रांसाठी सत्तर वर्षांपूर्वी याच शहरात पदमसी यांना अटक झाली होती.